हॉस्पिटलातला आपला माणूस

आमच्या घरात कुणाला शिंक आली तरी आधी भाऊजींना फोन जायचा आणि मग रुमाल शोधला जायचा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. डॉक्टर कापून जातात, नर्स औषध देऊन जाते, आणि मागे राहिलेली जखम रोज उघडून, पुसून, पुन्हा बांधून ठेवतो तो ड्रेसर. पण आमच्या नातेवाइकांना असल्या बारकाव्यांशी काय देणंघेणं? "हॉस्पिटलात आपला माणूस आहे," एवढं त्यांना पुरत होतं. आमच्या दारातच नळ आहे असं सांगावं, तशा थाटात ते हे सांगायचे.

भाऊजींचा हात मात्र खरंच देवाने दिलेला. एकदा माझ्या मनगटावर उकळतं पाणी सांडलं होतं, तेव्हा मी स्वतः अनुभवलं. जुनी पट्टी ते कधी ओढून काढायचे नाहीत. आधी सलाईनने भिजवायचे आणि चिकटलेली जाळी आपणहून सुटेपर्यंत थांबायचे. तेवढ्या वेळात गप्पा. सकाळी काय खाल्लं, शेजारीण अजून भांडते का, असलं काहीतरी. "दुखतंय का" असं एकदाही विचारायचे नाहीत. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "विचारलं की दुखायला लागतं, वहिनी."

तर हा असा माणूस, आणि त्याच्यावर तुटून पडलेलं आमचं गोत. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचा, गुडघा, नणंदेच्या सासऱ्यांचं पोट, आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मेहुण्याची मूळव्याध. ड्युटी संपली की भाऊजी खोलीवर जायचे नाहीत, ज्या वॉर्डात आपलं कुणी असेल तिथे जाऊन बसायचे. भांडं द्यायचं, कूस बदलायची, उलटी धरायची. पेशंट बरा होऊन घरी गेला की गरज सरो, वैद्य मरो. पुन्हा त्यांची आठवण यायची ती पुढच्या कुणाच्या तापाला.

आणि कुणी गेलं की पहिला फोन त्यांनाच. ते येईपर्यंत कुणी मृताला हातही लावायचं नाही. भाऊजी यायचे, बाह्या सारायचे. डोळे मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायचे, तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायचे. बोटात अडकलेली अंगठी साबण लावून काढायचे, अंग आखडायच्या आत हातपाय सरळ करायचे, सगळं अंग पुसायचे. मग दार उघडायचे आणि बाकीचे आत येऊन रडायचे. तेव्हा भाऊजी बेसिनपाशी हात धूत असायचे.

त्यांचं लग्न राहून गेलं तेही ह्यातच. त्यांच्याच वॉर्डातल्या एका नर्सशी जमत आलं होतं. चांगली, हसरी मुलगी. दोघांनी सिनेमाला जायचं ठरवलं की आमच्याकडचं कुणीतरी हटकून आजारी पडायचं. शेवटी ती म्हणाली म्हणे, "तुमच्या घरातले सगळे बरे झाले की कळवा." नंतर तिने दुसरीकडे लग्न केलं. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो होतो. आत्या तर ते वाक्य नक्कल करून सांगायच्या.

माझे सासरे गेले ते भाऊजींच्याच वॉर्डात. भाऊजी ड्युटीवर होते. श्वास अडकायला लागला, धावपळ झाली, पडदा ओढला गेला. सासूबाई पलंगाचा कठडा धरून उभ्या होत्या. भाऊजी वळले आणि म्हणाले, "बाई, नातेवाइकांनी बाहेर थांबा."

स्वतःच्या आईला! जो आवाज ते दिवसभर सगळ्यांना लावायचे तोच, ना रागाचा ना मायेचा. सासूबाई निमूट बाहेर आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. नवऱ्याचा शेवटचा श्वास त्यांनी पाहिला नाही. आम्हाला आत सोडलं तेव्हा सासरे व्यवस्थित निजवलेले होते, भांग पाडलेला, चादरीला सुरकुती नाही. आम्ही सगळे त्यांच्या अंगावर पडून रडलो. भाऊजी बेसिनपाशी होते.

त्यानंतर त्यांचं बिनसलं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते फोन उचलत होते. झोप गेली, घास हातात धरून नुसते बसायला लागले, कुणी हाक मारली की दचकायचे. एका दुपारी वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा दांडा धरून उभे राहिले ते हलेनातच. समोर पेशंट पट्टी सोडून वाट बघतोय आणि यांची बोटं दांड्यावरून सुटत नाहीत. मोठ्या सिस्टरनी एकेक बोट सोडवलं आणि हाताला धरून त्यांना वरच्या मजल्यावर नेलं, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे.

त्या बाईंनी विचारलं, "वडील गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भाऊजी म्हणाले, "डावीकडे. सलाईनच्या बाजूला."

"आणि त्यांचा मुलगा कुठे होता?"

हे भाऊजींनी मला पुढे कधीतरी सांगितलं. सांगताना हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

बरेच दिवस रजेवर राहून ते परत गेले आणि कपड्यांच्या स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. चादरी, गाउन, पडदे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. मग एका रविवारी आमच्याकडे आले आणि सगळे बसलेले असताना उभ्या उभ्या म्हणाले, "यापुढे मी कुणाचा पेशंट बघणार नाही. ड्युटी संपली की फोन बंद. आणि कुणी गेलं तर मी येईन, पण अंगाला हात लावणार नाही." तोंडपाठ करून आले होते, स्पष्ट कळत होतं. कपाळावर घाम होता.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग आत्यांनी नाक मुरडलं, "हा काय मोठा सर्जन लागून गेला?" नणंद म्हणाली, "तुला काय रे, एवढंसं तर काम असतं!" या नणंदेला घरात छकुली म्हणतात. केस पिकले तरी छकुलीच आहे, आणि जबाबदारी आली की वयही तेवढंच होतं. आमचे हे म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरने डोकं फिरवलं याचं."

आणि मी? मला रागच आला. खोटं कशाला बोलू? मी दुपारी जरा आडवी झाले तरी एक कान दाराच्या बेलकडे ठेवून. मला कधी कुणी हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं नव्हतं. पुरुषांनी हात झटकले की ते काम हवेत विरत नाही, कुणातरी बाईच्या हातात येऊन पडतं. तेव्हा कुणाच्या, हे मला विचारायची गरज नव्हती.

वर्ष सरायच्या आत सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय इतकं कमजोर की भूल सोसणार नाही, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन न करता घरी पाठवलं. म्हणजे आता पलंग आणि त्या. आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचा पलंग लावला. भाऊजी आले तसे हे म्हणाले, "रजा टाक. तुझा बिछाना आईच्या खोलीतच घालतो."

"मी रोज संध्याकाळी येईन," भाऊजी म्हणाले. "खुर्चीवर बसेन. आईशी बोलेन. बाकीचं नाही करणार."

"बाकीचं म्हणजे? आईचं करणार नाहीस तू?"

"नर्स ठेवू. मी माझा वाटा देतो. पण मी करणार नाही, दादा."

"परक्यांची ढुंगणं धुतलीस जन्मभर! आणि आईच्या वेळी हात वर करतोस? मग येऊच नकोस!"

भाऊजी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशीही विचारला नाही. तर हा माणूस स्वतःचा थर्मास घेऊन यायला लागला आणि वर मलाच विचारायचा, "वहिनी, घेता का घोटभर?" राग ठेवायचा तरी किती!

खुर्चीवर ते कसे बसायचे ते सांगायला हवं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सासूबाईंची उशी सरकली की त्यांचे खांदे हलायचे, चादर घसरली की कोपर उचलायचं, पण हात बाहेर यायचे नाहीत. आधी मला तो नुसता आडमुठेपणा वाटला. मग एकदा सासूबाईंना ठसका लागला आणि मी त्यांना उठवून बसवत असताना माझी नजर भाऊजींच्या तोंडाकडे गेली. घाम फुटला होता आणि ओठ दाताखाली होता. माणूस दोन हातांना बांधून ठेवत होता, आणि त्यात त्याची सगळी ताकद जात होती.

नर्स दिवसाकाठी तासभर यायची. तिला चार घरं असायची. उरलेला दिवस माझा. त्यात मदतीला म्हणून आत्या राहायला आल्या. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. त्यांचा गुडघा दुखायचा, तो मी चोळायचा.

मग एका सकाळी गाउन बदलताना मला सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. दोन दिवसांत कातडी गेली. पाठीला पडलेली जखम मी आधी कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी भाऊजी दारात आले आणि माझा बांध फुटला. "बघा! बघा तुमच्या हट्टाने काय झालंय! उंटावरून शेळ्या हाकायला येता रोज. आईच्या अंगाला छिद्र पडलंय आणि तुम्ही खुर्चीत बसून बघा!"

भाऊजी पांढरे पडले. पलंगाजवळ गेले, वाकले, पाहिलं. त्यांचा उजवा हात उचलला गेला तो मी पाहिला. मला वाटलं, संपलं. आता हे बाह्या सारणार. आणि देवाशपथ, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी हात खाली घेतला. "कूस किती वेळाने बदलता?"

"मी एकटी आहे!"

"दादा कुठे आहे?"

हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. भाऊजींनी हाक मारली. हे आले, इस्त्रीची पँट, हातात चष्मा. भाऊजी म्हणाले, "ग्लोव्हज घाल."

"मी? अरे, मला रक्त बघवत नाही. तिला सांग ना."

"वहिनी नाही. वहिनींची आई नाही ही. आपली आहे. मी तोंडाने सांगेन, हात तुझे."

एवढ्या वर्षांत त्या घरात माझ्या वतीने कुणी एक वाक्य बोललं असेल तर ते हे. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

आमच्या ह्यांना त्या दिवशी दोनदा उमासे आले. तिसऱ्यांदा ते न्हाणीघरात पळाले. भाऊजी खुर्चीवरून सांगत राहिले, "आधी भिजव. ओढू नकोस. थांब. आता आईशी बोल काहीतरी." हे म्हणाले, "काय बोलू?" त्यांना खरंच सुचेना. जन्मभर आईशी "जेवलीस का" पलीकडे गेलेच नव्हते. मग सुट्टीच्या दिवशी छकुलीला बसवलं. ती रडत, नाक दाबून, पण करायला लागली. कूस बदलायच्या पाळ्या लागल्या. मला दुपारची तासभर झोप मिळायला लागली.

जखम भरली नाही. आधी पसरली, मग खोल गेली. ह्यांचा हात जड. पट्टी कधी सैल, कधी करकचून. सासूबाई कळवळायच्या. एकदा त्यांनी भाऊजींच्या बाहीला धरलं.

"एकदा तूच कर ना रे. तुझा हात हलका आहे. जगाला लावलास, मला नको?"

खोलीत मी होते, हे होते. भाऊजी खुर्ची पुढे ओढून त्यांच्या तोंडापाशी बसले.

"आई, मी पट्टी करायला लागलो की मला तू दिसत नाहीस गं. जखमच दिसते. बाबांच्या वेळी तेच झालं. मला बाबा दिसलेच नाहीत."

सासूबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मला बाई म्हणालास तू."

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही काढलं नव्हतं. भाऊजींनी मान खाली घातली.

"बाहेर थांबा म्हणालास. मला वाटलं, याने ओळखलंच नाही मला." त्यांनी बाही सोडली. "नको करूस मग. बस असाच. ओळखीचा राहा."

त्या दिवसापासून भाऊजींचे हात मांड्यांखालून बाहेर आले. सासूबाईंचा हात धरून ते बसायला लागले. दोघं काय काय बोलायचे! भाऊजी लहानपणी कपाटात लपून झोपले ते, त्या नर्सचं, सगळं. त्या म्हणाल्या, "आणायची होतीस रे तिला. मी पडले असते आजारी पुढच्या आठवड्यात." आणि दोघं हसले. इकडे पाठीला ती जखम, तिचा वास सगळ्या खोलीत, आणि ही दोघं हसताहेत. मला ते पाहवायचं नाही आणि तिथून निघवायचंही नाही.

एकदा जिन्यात गाठून मी त्यांना सरळ विचारलं, "खरं सांगा. तुमच्या हातात असती तर भरली असती जखम?"

"बहुतेक भरली असती," ते म्हणाले.

"मग?"

"मग मी उरलो नसतो, वहिनी." आणि थर्मास काखेत धरून ते उतरून गेले. त्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला नाही. मला ते पटलं का, हे मला आजही धड सांगता येत नाही. एका बाजूला त्या म्हातारीच्या वेदना, दुसऱ्या बाजूला हा माणूस. असला तराजू माझ्या हातात नव्हता हेच बरं.

सासूबाई गेल्या त्या एका सकाळी, हे त्यांची कूस बदलत असताना. हे मला हाक मारून म्हणाले, "अगं, ही जड लागतेय." बस, एवढंच.

फोन केला. भाऊजी स्टोअरमधून तसेच युनिफॉर्मवर निघाले. ते येईपर्यंत छकुली आली, शेजारपाजार आला. आणि कुणी काही न सांगता पलंगाशेजारी सगळं मांडलं गेलं, बादली, कोमट पाणी, साबण, टॉवेल, कापूस, पट्टीचा रोल. आत्यांनीच मांडलं. त्या रविवारी भाऊजी सगळ्यांसमोर काय बोलले होते ते कुणाच्या डोक्यात राहिलंच नव्हतं, किंवा असं म्हणू की ठेवायचं नव्हतं. भाऊजी दारात दिसले तशी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. "आला गं बाई आपला माणूस," आत्या म्हणाल्या. "चला, सगळ्यांनी बाहेर व्हा. त्याला त्याचं काम करू दे."

भाऊजी पलंगापाशी गेले. सासूबाईंचं तोंड उघडं होतं. भाऊजींचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, शेकडो वेळा गेला असेल तसा. आणि तिथेच थांबला. मग तो हात गालावरून वर सरकला.

"मी नातेवाईक आहे," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. आत्या म्हणाल्या, "काय म्हणतोस?"

"मी नातेवाईक आहे!" ते ओरडले, आणि गुडघे दुमडून पलंगाशी खाली बसले, आणि रडायला लागले. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यात त्या दिवसाचं थोडंच होतं. बाकीचं मागचं होतं, बाबांचं, आणि ज्यांच्या ज्यांच्या वेळी ते बेसिनपाशी उभे होते त्या सगळ्यांचं.

"अरे, हे काय?" आत्या म्हणाल्या. "आधी उरकून घे, मग रड ना. अंग आखडेल तिचं."

मी आत्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना बाहेर नेऊन बसवलं. गुडघा दुखतो म्हणाल्या. म्हटलं, दुखू दे.

परत आले तर हे बाह्या सारत होते. छकुलीने टॉवेल भिजवला होता. दोघांनी मिळून आईला पुसलं, चुकतमाकत, पाणी सांडत, एकमेकांवर खेकसत. भाऊजी खालीच बसून होते, कपाळ पलंगाच्या काठावर, आईची बोटं मुठीत. हात पुसायचा आला तेव्हा ह्यांनी त्यांना उठवलं नाही. तेवढा हात कोरडाच ठेवला.

हनुवटीची पट्टी शेवटी बांधली. ह्यांच्या हाताला ती सवय नाही. गाठ कानाकडे सरकली आणि सासूबाईंचं तोंड एका बाजूने थोडं उघडंच राहिलं. एरवी भाऊजींना ते दारातूनच दिसलं असतं. त्या दिवशी त्यांनी डोकं वर केलं, आईच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, आणि त्यांना ते दिसलं नाही. डोळे भरलेले होते.